तुम्ही विचारलंत म्हणून: आजीबद्दल तुला एवढं सगळं माहीत कसं?

आजीचा विषय निघाला की मी बोलतच सुटते, आणि मग समोरचं माणूस कधी ना कधी विचारतंच, की अगं तुला एवढं सगळं कसं माहीत, आम्हाला तर आमच्या आजीचं माहेरचं नावसुद्धा धड सांगता येणार नाही. माझी मामे-मावसभावंडंही विचारतात, आणि ती तर तिच्याच मांडीवर वाढलीयेत. दरवेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते, आज नीट लिहिते.

मी विचारलं म्हणून मला माहीत आहे, खरंतर एवढंच. पण कसं विचारलं ते सांगायला हवं कारण सुरुवातीचे कितीतरी रविवार मी चुकीचंच विचारत होते.

आजी म्हणजे आईची आई. ऐंशी ओलांडल्यावर तिला दिसायचं कमी झालं, वाचन बंद पडलं, आणि तिचा दिवस जाता जाईना, म्हणून मी दर रविवारी दुपारी तिच्याजवळ जाऊन बसायला लागले. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि म्हणायचं, आजी तुझ्या लहानपणाबद्दल सांग ना. ती म्हणायची, त्यात काय सांगायचंय, सगळ्यांचं असतं तसंच. झालं, विषय संपला. मग एकदा सहज तिच्या डाव्या अंगठ्यावरच्या पांढऱ्या व्रणावर बोट ठेवून विचारलं, हे गं कशाने, आणि ती चाळीस मिनिटं बोलली.

दारात अंगठा चेमटला होता. तिला शाळेतून नुकतंच काढलं होतं आणि भाऊ दप्तर घेऊन निघाला तेव्हा ही चौकट धरून उभी राहिली, मलाही यायचंय म्हणून. त्याने दार ओढलं, त्याला काय माहीत हिचा हात तिथे आहे. नख गेलं, रक्त थांबेना, आणि तो बिचारा हिच्यापेक्षा जास्त रडला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो तिला त्या दिवशीचा धडा शिकवायचा, पाटीवर अक्षरं काढून, कुणी आलं की पाटी पुसायची. माझी आजी अशी वाचायला शिकली. आमच्या घरात सगळे समजत होते की ती चौथी पास आहे! आईलासुद्धा हे माहीत नव्हतं, आणि आई तिच्याजवळ पंचवीस वर्षं राहिलेली. म्हणजे वाचन बंद झालं तेव्हा तिचं नेमकं काय गेलं हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं, मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून मी मोठे प्रश्न विचारणं सोडलं. वस्तू हातात द्यायची आणि विचारायचं. किल्ली, जुना चष्मा, बटणांचा डबा. आणि वय धरून विचारायचं, तू पंधराची होतीस तेव्हा तुझ्याशेजारी कोण झोपायचं, असं. म्हातारपणी माणसाला साधारण दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानचं आयुष्य सगळ्यात जास्त आठवतं, अभ्यासक त्याला रेमिनिसन्स बंप म्हणतात, आणि आजीच्या बाबतीत ते अगदी तंतोतंत होतं. आम्ही नातवंडं जिला ओळखतो ती आजी त्या वयाच्या कितीतरी नंतर सुरू होते ना.

तिची फोन नंबरांची एक डायरी होती, ती माझ्याकडे आहे. अक्षरवार नाही, माणसांवार. एकेका पानावर एकेक घर, आणि समासात बारीक अक्षरात, परीक्षा मार्चमध्ये, नोकरीचं विचारणे, डोळ्याचं ऑपरेशन. लोक म्हणतात ना की तिने सगळ्यांना धरून ठेवलं, तर ते असं धरलं होतं, रोज दुपारी डायरी उघडून. दोन मामांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं तेव्हा ती दोघांशी रोज बोलायची आणि एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही, फक्त एकाच्या मुलाला ताप आलाय एवढं दुसऱ्याच्या कानावर घालायची. बस. बाकी ते आपापले एकमेकांकडे जायला निघाले. नंबर बदलला की जुन्यावर एक रेघ, पण माणूस गेलं की रेघ नाही, ते नंबर तसेच आहेत सगळे.

आता हे कुठे सांगावं कळत नाही पण सांगतेच. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच, साधारण पाचव्या महिन्यात, तिच्या बीजांडकोशात साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात, कच्च्या रूपात, पुढे त्यातलीच कामी येतात. म्हणजे मी ज्या बीजापासून झाले ते आई आजीच्या पोटात असतानाच तयार होतं. हे मी वाचलं आणि आजीला सांगितलं. आईच्या वेळी तिला शेवटचे तीन महिने अंथरुणात काढावे लागले होते, कड बदलायचीसुद्धा भीती. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, म्हणजे ते तीन महिने मी तुझ्यासाठीपण पडून होते तर.

शेवटच्या दीड वर्षात ती विसरायला लागली. नवीन आधी जातं आणि जुनं टिकतं, तेओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने हे 1881 मध्येच लिहून ठेवलंय. मी तिच्यासाठी तिची धाकटी बहीण झाले. आधी मी दुरुस्त करायचे, अगं आजी मी तुझी नात, की तिचा चेहरा पडायचा. मग सोडलं. बहीण म्हणून बसले, बहिणीसारखी अगं-तुगं करत, आणि तिने मला जे सांगितलं ते नातीला कधीच सांगितलं नसतं. त्यातली एक गोष्ट, कुणाला बोलू नकोस म्हणाली होती, तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी त्याच रात्री डिलीट केलं. ते मला कुणी विचारू नका.

बाकीची एकतीस रेकॉर्डिंग आहेत, तीन ठिकाणी कॉपी ठेवल्यात, मागे पंख्याचा आवाज येतो, चालेल.

आणि फोटो. तिला जरा दिसत होतं तोवर एकेक फोटो तिच्या डोळ्याजवळ धरायचा, ती नाव सांगायची आणि मी मागे हलक्या हाताने पेन्सिलने लिहायचे. दोनशेच्या वर झाले. एका फोटोत कडेला एक मुलगा आहे, सात-आठ वर्षांचा, अर्धा कापला गेलेला. आजी खूप वेळ बघत राहिली. नाव आठवेना. मग म्हणाली, हा अंधाराला घाबरायचा, याला मी घरापर्यंत सोडायला जायचे. फोटोच्या मागे मी तेवढंच लिहिलंय.