जिनिंगचा चुकारा फॉक्सप्रोमधून बाहेर काढताना

धरणगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाची आवक आणि शेतकऱ्यांचा चुकारा (मालाचे द्यायचे पैसे) सांभाळणारा प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये होता. प्रोग्राम चांगला होता, हे आधीच सांगतो. भरल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन टाकलं, की ओलाव्याची घट, हमाली, तोलाई वजा होऊन पावती हातात. पण तो लिहिणारे गृहस्थ आता हे काम करत नाहीत. फॉक्सप्रोची शेवटची, म्हणजे 9 वी आवृत्ती 2004 सालची, आणि 2015 च्या जानेवारीपासून मायक्रोसॉफ्टने तिच्याकडे पाहणंही थांबवलं. म्हणून मालकांनी मला बोलावलं.

माहिती ठेवायला पोस्टग्रेस आणि फॉर्म बांधायला लिब्रेऑफिस बेस, असं ठरवलं. दोन्ही फुकट आहेत, पण खरं कारण वीज. फॉक्सप्रोत प्रत्येक टेबलाची वेगळी डीबीएफ फाइल, तिचा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) सीडीएक्स फाइलीत. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटू शकतो. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत लिहितं. त्यामुळे पक्का झालेला चुकारा टिकतो आणि अर्धवट राहिलेला पूर्ण रद्द होतो. वर्षभर राबलेल्या माणसाचे पैसे अर्धे नोंदले जाणं मला चालणार नव्हतं.

जुनी माहिती बाहेर काढणं हे सगळ्यात चिकट काम. पायथन भाषेतल्या डीबीएफरीड या तयार साधनाने फाइली सहज वाचल्या, पण नावांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ! फॉक्सप्रोला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची समान संकेतपद्धत, कळत नाही. नावं जुन्या मराठी फॉन्टात टंकलेली, तो फॉन्ट लावला तरच ती मराठी दिसतात. मग कोणत्या चिन्हाचं युनिकोडात कोणतं अक्षर, असा चिन्हागणिक तक्ता बनवला. त्यातही ‘शिरपूर’मधली वेलांटी अशा फॉन्टात अक्षराच्या आधी येते, युनिकोडात नंतर. ‘वर्डी’तल्या रफाराचं नेमकं उलटं. शेवटी गावांची पूर्ण यादी छापून मुनीमजींसमोर ठेवली आणि त्यांनी एकेक नाव वाचून खूण केली. खोडलेल्या नोंदीही त्यांना दाखवल्या, कारण फॉक्सप्रोत खोडलेली नोंद पॅकचा आदेश देईपर्यंत फाइलीतच राहते.

फॉर्म मात्र मला वजनकाट्यावरच्या आप्पांनी शिकवला. जुन्या प्रोग्रामात शेतकरी नावाने शोधायचा, आणि आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे पाटील किती तरी. मी काट्याजवळ बसून पाहत होतो. गाडी आली की आप्पा नाव विचारतच नसत. पहिला प्रश्न, “कोनता गावना शेतस भो?” गाव कळलं की वडिलांचं नाव, मग माणूस. त्याच क्रमाने मी टेबलं आखली. गावांचं टेबल वेगळं, प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःचा क्रमांक, पावतीत तोच क्रमांक. खुर्द आणि बुद्रुक ही दोन वेगळी गावं धरली. फॉर्मवर आधी गाव निवडायचं, मग फक्त त्या गावचे शेतकरी वडिलांच्या नावासह दिसतात. बेसमध्ये एका यादीवरून दुसरी यादी आपोआप बदलत नाही, त्यासाठी छोटा मॅक्रो (आपोआप चालणारा आदेशांचा तुकडा) लिहावा लागला. वेळ गेला, पण हा फॉर्म आप्पांना कुणी समजावून सांगावा लागला नाही, याचं मला फार समाधान आहे.

हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही प्रोग्राम सोबत चालवले. संध्याकाळी दोन्हीकडचं निव्वळ वजन आणि चुकाऱ्याची रक्कम मुनीमजी ताडून पाहत. पैशापर्यंत जुळायला लागलं तेव्हा त्यांनीच जुना बंद करायला सांगितलं. डीबीएफ फाइली मात्र जपून ठेवल्या आहेत.

अजून उताऱ्याचा अहवाल बाकी आहे. किती कापसातून किती रुई, किती सरकी, 170 किलोच्या गाठी किती आणि 356 किलोच्या खंडीने भाव काय पडला, हे मालकांना एका पानावर हवं आहे. सध्या तेच बांधतो आहे.