हायसं का वाटलं?

७ नोव्हेंबर २०२५

सकाळी दूध तापत ठेवलं, फोन उघडला, तर पहिलीच बातमी ती. जीटीए सिक्स, म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला नवा भाग, पुन्हा पुढे ढकलला. २६ मे २०२६ गेली, आता १९ नोव्हेंबर २०२६. वाचलं आणि मला हायसं वाटलं.

दिवसभर हेच टोचतंय. वाईट वाटायला हवं होतं. २ मेला पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, रात्री जेवणसुद्धा गेलं नव्हतं. 'या वर्षी येणार' हे मी इतकं पक्कं धरून बसले होते. मग आज काय झालं? २०१३ पासून जिची वाट पाहतोय ती गोष्ट आणखी सहा महिने येणार नाही, आणि मी डबे भरताना गुणगुणत होते.

आधी वाटलं पैशांमुळे असेल. तो खेळायला लागणारं पीएस फाइव्हचं यंत्र घ्यायचं तर सध्या काय काय थांबवावं लागेल याची यादी डोक्यात असतेच, तिला मुदतवाढ मिळाली. पण तसं असतं तर मे महिन्यातही बरं वाटलं असतं. मग वाटलं, इतकी वाट पाहून गेम सुमार निघाला तर, ही धाकधूक असेल. तेही नाही. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या कामावर माझा विश्वास आहे. मधल्या काळात २०१८ ला त्यांनी रेड डेड रिडेम्प्शन टू हा दुसरा गेम काढला. त्या बर्फातल्या घोड्याच्या श्वासाची वाफ ज्याने पाहिलीय त्याला हे लोक वेळेचं काय करतात ते माहीत आहे.

दादाचा मेसेज नव्हता. हे मी सकाळपासून चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहायला घेतलंय, म्हणून आता सरळ लिहिते. दादाचा मेसेज नव्हता.

प्रत्येक वेळी असतो. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर ठरलेल्या वेळेआधीच कुठूनतरी फुटला आणि त्यांनी तो घाईघाईने सोडला. आपल्याकडे तेव्हा ५ तारखेची पहाट होती. फोन वाजला, दादा एवढंच म्हणाला, "ऊठ. आलाय." पांघरुणात तोंड खुपसून, आवाज अगदी बारीक करून मी तो पाहिला. तुरुंगात बसलेली लुसिया, नव्या गेमची नायिका, मग समुद्रकिनारा, गुलाबी पक्षी, आणि व्हाइस सिटी. लहानपणी खेळलेल्या गेममधलं आपलंच व्हाइस सिटी, पण आत्ताच्या काळातलं. या वर्षी २ मेला त्याने दोनच शब्द पाठवले होते, "मे २६." चार दिवसांनी दुसरा ट्रेलर आला, तो सुरू होतो तेव्हा गेमचा नायक जेसन घराच्या छपराची गळती दुरुस्त करत असतो. त्यावर दादाने लिहिलं, "बाबा." मी उत्तर दिलं नाही, त्यानेही पुढे काही लिहिलं नाही.

ती २६ मे मला आवडली होती, हेही सांगून टाकते. व्हाइस सिटीचा नायक टॉमी व्हर्सेटी, त्याला ज्याने आवाज दिला तो रे लिओटा २६ मे २०२२ ला गेला. मुद्दाम ठरवलेली नसणार ती तारीख, पण टॉमीच्या शहरात त्याच दिवशी परत जायचं हे मला बरोबर वाटत होतं. आता ते गेलं. त्याचं वाईट वाटलं, एवढंच.

नाशिकला कॉम्प्युटर हॉलमध्ये होता, टीव्हीच्या शेजारी, म्हणजे बाबा बातम्या लावेपर्यंतच आमचा. एक खुर्ची, एक स्टूल. खुर्ची दादाची. व्हाइस सिटी हा एकट्याने खेळायचा गेम आहे, आम्ही तो दोघांनी खेळलो. दादा गाडी चालवायचा, मी रस्ता सांगायचे. माझ्या भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर सगळे चीट कोड होते, आणि पोलिसांचे तारे वाढले, म्हणजे मागे जास्त पोलीस लागले, की 'लीव्हमीअलोन' टाइप करायचं काम माझं, कारण दादाचे हात मोकळे नसायचे. आलेखाच्या कागदावर मी शहराचा नकाशा काढला होता. १०० लपवलेल्या पॅकेजेसपैकी एखादं सापडलं की हिरव्या स्केचपेनचा ठिपका. गेममधल्या गाड्यांत रेडिओ असतो, आमच्या सीडीत तो नव्हता. तेव्हा मिळणाऱ्या सीड्यांमध्ये जागा वाचवायला गाणी काढून टाकलेली असायची. गाडीत बसल्यावर फ्लॅश एफएम लागतं हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. दादा गाडीत बसला की मी मागे वळून टेप चालू करायचे, तो उतरला की बंद.

आणि ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर. जे खेळलेत त्यांना मी काय सांगणार. बांधकाम चालू असलेली इमारत, चार मजल्यांवर चार बॉम्ब न्यायचे, वर घड्याळ उलटं पळतंय, जिन्यात जरा तिरकं झालं की भिंतीवर आपटतंय, आणि कामगार धावून येतायत. कितीतरी दिवस आम्ही तिथेच अडकलो होतो. शेवटी दादा म्हणाला, "कीबोर्ड वाटून घेऊ." डावीकडची अक्षरं त्याची, म्हणजे वर, खाली, वळणं. उजवीकडचे आकडे माझे, पुढे आणि मागे. "वर घे." "घेतलं." "आता पुढे, पुढे, थांब." "थांबले." जिन्यातून नेताना आम्ही दोघंही श्वास रोखून एकाच बाजूला वाकायचो. चौथा बॉम्ब जागेवर बसला तेव्हा आम्ही इतके किंचाळलो की आई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली.

तेव्हा वाट पाहणं वेगळं होतं. जीटीए थ्री २००१ चा, व्हाइस सिटी २००२ चा, सॅन अँड्रियास २००४ चा. तीन वर्षांत तीन. एक संपत नाही तोच दुसरा कुणाच्या तरी दप्तरात आलेला असायचा. २००८ चा फोर आमच्या कॉम्प्युटरला झेपलाच नाही, पडद्यावर एकेक चित्र सरकत यायचं. फाइव्ह आला १७ सप्टेंबर २०१३ ला, तोवर दादा परदेशी गेला होता. पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडलं. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. तो मी एकटीने खेळले. चांगला होता. फार चांगला होता.

त्यानंतर फाइव्हच येत राहिला. पीएस थ्रीवर होता तो पीएस फोरवर आला, मग पीएस फाइव्हवर. २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्याच्या ऑनलाइन खेळातून पैसा येतच राहिला, मग नव्याची घाई कुणाला, असं लोक म्हणतात, त्यात तथ्य असेल. पण मला ते अपुरं वाटतं. व्हाइस सिटीतली माणसं जवळून पाहिली तर त्यांची बोटंसुद्धा नीट सुटी नव्हती. आता ट्रेलरमध्ये लुसियाच्या हातावरची लव दिसते. तेवढं करायला माणसं लागतात आणि माणसांना वर्षं लागतात. त्या माणसांचंही सगळं आलबेल नाही. तीसहून जास्त जणांना नुकतंच कामावरून काढलं. कंपनी म्हणते त्यांनी आतल्या गोष्टी बाहेर सांगितल्या, युनियन म्हणते संघटना बांधत होते म्हणून काढलं. त्याच कंपनीने आज लिहिलंय की वाट फार लांबली याबद्दल क्षमस्व, पण गेमवर शेवटचा हात फिरवायला हे महिने हवेत. मला दोन्ही एकदम वाचवेना, फोन बाजूला ठेवला.

दुपारी फार एकटं वाटलं, ते लिहू की नको? ऑफिसात मी हे कुणाला सांगणार? पलीकडच्या टेबलावरची मुलं बोलत होती याच बातमीबद्दल, त्यातला एक म्हणाला, तो फाइव्ह आला तेव्हा पाचवीत होता. माझ्या तोंडावर आलं होतं की मी थ्रीपासून आहे. गिळलं. चौतिशीतल्या बाईला गेमची वाट पाहणाऱ्यांत कुणी धरत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की लुसिया माझ्यासाठी काय आहे. मालिका थ्रीडी झाल्यापासून पहिल्यांदा कथेची सूत्रं एका बाईच्या हातात आहेत. इतकी वर्षं नायक टॉमी, सीजे, निको, मायकल, आणि मी कायम शेजारच्या स्टुलावर. आता पहिल्यांदा गाडी माझी असणार आहे. आणि ते बघायला शेजारी कोण, तर कुणीच नाही. घरी सांगितलं तर उत्तर आलं, "बरं झालं, तेवढे पैसे वाचले."

बसमध्ये खिडकीशी बसून पुन्हा तोच प्रश्न. हायसं का? आणि पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला बस थांबलेली असताना ते समोर आलं. गेम आला की मला कळणार आहे की दादा तो खेळणार नाही. तो विकत घेईल कदाचित. पहिल्या रविवारी तासभर लावेल, मग मुलांचा फुटबॉल, मग काहीतरी. मला मेसेज येईल, "भारी आहे, वेळच मिळत नाही." त्यानंतर आम्हाला एकमेकांना पहाटे उठवायला काही उरणार नाही. जोवर तो येत नाही तोवर आम्ही दोघं वाट पाहतोय. आई बरी आहे का, बँकेचं ते काम झालं का, याच्या पलीकडे आम्ही दोघं मिळून करत असलेली ही एकच गोष्ट आहे. ती आणखी सहा महिने वाढली म्हणून मला हायसं वाटलं. आणि मेसेज आला नाही तेव्हा वाटलं, त्याने ती मला न सांगता सोडून दिली.

हे उमगल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट हलकं वाटलं. एका गेमने बारा वर्षं न येता दोन माणसांना धरून ठेवलं, हे काही कमी काम नाही. आलेल्या गेमने मला इतकं दिलं असतं का कोण जाणे. फाइव्ह तर आला होता.

सातला मीच फोन केला. दादाला माहीतच नव्हतं! धाकटीला रात्रभर ताप, दोघंही जागे, फोन बघितलाच नव्हता. मी म्हटलं, "१९ नोव्हेंबर." पलीकडे शांतता. मग म्हणाला, "थांब, दिवाळी कधी आहे पुढच्या वर्षी?"

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं, पण ते याच वर्षाचं. मोबाइलवर शोधलं. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. गेम १९ ला, गुरुवारी. भाऊबिजेनंतर आठ दिवस.

"मे महिन्यात मला यायला जमलंच नसतं," दादा म्हणाला. "मुलांच्या शाळा जूनपर्यंत असतात इथे."

मी काही बोलले नाही. तोच पुढे म्हणाला, "पण तो पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्सवरच येणार ना? पीसीचं काही सांगितलेलं नाही त्यांनी."

"नाही."

"मग कीबोर्ड कसा वाटून घेणार?"

म्हणजे त्यालाही तेच आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं ते फक्त माझ्याकडे आहे. मी म्हटलं, कंट्रोलर आलटून पालटून घेऊ, एक मिशन तुझं, एक माझं. तो म्हणाला, जेसन माझा. मी म्हटलं, लुसियाला हात लावायचा नाही. मग वहिनीने मागून काहीतरी विचारलं, ताप मोजायची वेळ झाली होती बहुतेक. तो म्हणाला, दिवाळीला यायचं तर रजा भाऊबिजेनंतर दोन दिवसांचीच मिळेल, पुढचे आठ दिवस कठीण आहे, बघू. दादाचं 'बघू' मला माहीत आहे. त्याचा अर्थ नाही असाही होतो आणि दोनदा त्याचा अर्थ विमानतळावरून आलेला फोन असाही झालेला आहे.

"आणि समज मी रजा वाढवली आणि यांनी पुन्हा तारीख पुढे ढकलली तर?"

हे ऐकून मात्र सकाळसारखं हायसं वाटलं नाही. चांगलाच राग आला, खेळणाऱ्या कुणालाही येईल तसा. पुरे झालं आता, येऊ दे तो गेम. तसं मी त्याला म्हटलंही. मग म्हटलं, ढकलला तर ढकलला, तू तिकीट काढ.