काठीची आंघोळ
गेल्या रविवारी भाट्याच्या किनाऱ्यावरून रात्री उशिरा आलो, मासे पकडायचा रॉड तसाच पडवीत टेकवला आणि जेवून झोपलो. आज हातात घेतला तर दोरा गुंडाळायचं रील बसवायची चकती जागची हलेना. आट्यांवर पांढरी पूड, दोरा ओवायच्या कड्यांच्या पायाशी तांबूस डाग. मीठच ते, आठवडाभर हवेतली ओल ओढून घेत बसलेलं!

कोमट गोडं पाणी, साबण, जुना टूथब्रश. तासभर घासत होतो. पाइपाचा जोरदार फवारा मात्र मारत नाही, मीठ उलट रीलच्या आत घुसतं. ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोऱ्याला अडवणारा रीलचा ब्रेक, आवळून वरून हलकं पाणी सोडलं, पुसलं, सावलीत वाळवलं, मग ड्रॅग सैल केला.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "मासा एक नाही आणला, नि आंघोळ काठीला!"