झांबियातल्या मकुशीची शेती बघायला जाताय? आधी शेवटच्या कच्च्या रस्त्याचं बघा

लुसाकातल्या ज्या माणसाने गाडी ठरवून दिली, तो म्हणाला होता, "चार तासांत मकुशी, फाटकापर्यंत डांबरी रस्ता." दोन्ही गोष्टी साफ खोट्या निघाल्या. अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर, पण काब्वेमार्गे कापिरी म्पोशीपर्यंत चौपदरीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात काँगोकडून तांबं घेऊन येणाऱ्या ट्रकची रांग. कापिरीला उजवीकडे वळून ग्रेट नॉर्थ रोडनेच पुढे निघालं की दार-एस-सलामकडे जाणारे ट्रक सोबतीला. पहाटे सहाच्या आत लुसाका सोडा. सातला निघालात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

तरी हा रस्ता परवडला. डांबर सोडून शेतांच्या पट्ट्यात शिरलं की तांबडी माती सुरू होते, आणि फेब्रुवारीत तिच्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी गुडघाभर चाकोऱ्या पाडलेल्या असतात. एका मोरीवरचा भराव वाहून गेला होता. साधी कार तिथे पोटावर टेकली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी चौकातून टॅक्सी केली तर ठरलेले ६०० क्वाचा (तिथलं चलन) निम्म्या वाटेत ९०० झाले. आजूबाजूला चिटपाखरू नाही आणि वर आभाळ भरून आलेलं, तेव्हा देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून जाण्यायेण्याचा आणि थांबण्याचा मिळून एकच आकडा फोनवर मेसेजमध्ये लिहून घ्या आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या. त्याहून उत्तम म्हणजे शेतमालकालाच विचारा. त्यांचा पिकअप डिझेलसाठी गावात येतच असतो, त्यातून जा. उंच चाकाची गाडी नसेल तर डिसेंबर ते मार्च इथे येऊच नका.

कोंबड्यांची शेड बघायची असेल तर सकाळी सगळ्यात आधी, धुतलेल्या कपड्यांत जा. डुकरं-गुरं बघून गेलात तर रोगाच्या भीतीने आत घेणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता ज्यासाठी एवढी हाडं खिळखिळी करून घेतली ते. मकुशीचे शेतकरी पावसाळ्यात सोयाबीन आणि मका घेतात आणि मे महिन्यात त्याच जमिनीवर गहू पेरतात. झांबियाच्या गव्हाचा मोठा वाटा इथून येतो. सेंटर पिव्हट, म्हणजे चाकांवर गोल फिरणारी तुषार सिंचनाची लांबलचक कमान, पाणी देते. गहू हेक्टरी सात टनांपर्यंत जातो, सोयाबीन तीन टनांच्या वर. आम्ही लातूरकडची माणसं, हेक्टरी दीड टन आलं तरी समाधान मानणारी. ते पीक बघून माझे पाय तिथून हलेनात. सोयाबीनच्या पेंडेवर कोंबड्या, काढणीनंतरच्या धसकटांवर गुरं, काही ठिकाणी कॉफी.

पण ‘मोठी शेती पिकते म्हणून गाव जेवतं’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. गव्हाचा पाव होतो आणि तो मुख्यतः शहरात खपतो. गावात जेवण म्हणजे न्शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. २०२४च्या दुष्काळात देशातल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाख हेक्टर हातचा गेला आणि २९ फेब्रुवारीला राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. करिबा हे जलविद्युत धरण आटलं, वीज गेली, आणि विजेवर चालणारे पिव्हटही अडचणीत आले. मी गेलो तो त्यानंतरचा फेब्रुवारी. शिवारात नवा मका हिरवागार उभा, घरातली कणगी मात्र रिकामी. चौकातल्या टपरीवर पीठ लहान पिशव्यांत बांधून विकत होते. ‘पामेला’ म्हणतात त्याला. पूर्ण पोतं घ्यायची ऐपत नसलेल्यांसाठी.

याच महिन्यात लोक मोठ्या शेतांवर ‘पीसवर्क’ला जातात, आपल्याकडचं उक्तं काम. आजच्या जेवणाचे पैसे मिळतात, पण नेमकी तेव्हाच स्वतःच्या मक्यात खुरपणी करायची असते. ती राहिली की पुढच्या वर्षीची कणगीही अर्धीच भरते. माझं ठाम मत असं झालंय की मोठ्या शेतीत पिकांचं वैविध्य हवं ते याच्यासाठी. एकच पीक घेणारा शेतकरी सगळ्यांना एकाच वेळी बोलावतो. कोंबड्या, दूध, कोरड्या महिन्यांतली कॉफीची तोडणी असेल तर काम वर्षभर पसरतं आणि पावसाळ्यात माणूस आपल्या वावरात थांबू शकतो. म्हणून ज्या शेतावर जाल तिथे विचारा : फेब्रुवारीत कामावर किती जण आणि जुलैत किती? जिथे उत्तर लगेच, आकड्यांत मिळालं, ते शेत बघण्यासारखं. जिथे शाळेला दिलेल्या बाकांचे फोटो पुढे केले, तिथे चहा पिऊन निघा.

फाटकाबाहेर दोन तास हाताशी ठेवाच. एका बामायोंनी (थोरल्या बाईंना बेंबा भाषेत असंच हाक मारतात) त्यांच्या वावरातलं सोयाबीन उपटून दाखवलं. मगोये नावाचा झांबियातलाच जुना वाण, १९८१चा. मुळं गाठींनी लगडलेली. नखाने गाठ फोडली तर आत लालसर, म्हणजे नत्र धरणारी. बाजारचं जिवाणू खत न लावताही मगोयेच्या मुळांवर मातीतले जिवाणू गाठी धरतात, आणि बियाणं घरचं. सोयाबीन बामायो कोंबडीखाद्यासाठी खरेदी करणाऱ्याला विकतात, त्या पैशांतून एक दिवसाची पिल्लं आणतात आणि ती वाढवून चौकात विकतात. मका बुडाला त्या वर्षी घर कोंबड्यांवर चाललं, असं त्या म्हणाल्या. अख्ख्या प्रवासात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या अर्ध्या एकराने.

नुसती शेती बघायची असेल तर ऑगस्टमध्ये जा. गहू उभा असतो, रस्ते कोरडे असतात, साधी कारही चालते. लोक कसे जगतात ते बघायचं असेल तर फेब्रुवारीच, आणि उंच गाडीनेच.

मोबाइल मनीच्या टपऱ्या गावात जागोजागी आहेत, पण कच्च्या रस्त्याला लागण्याआधी सुटे क्वाचा काढून ठेवा. दुपारी दोनपर्यंत शेतावरून निघा, कारण त्यानंतर पाऊस गाठतो. आणि अंधार पडल्यावर ग्रेट नॉर्थ रोडवर अजिबात गाडी चालवू नका. बंद पडलेले ट्रक बिनदिव्याचे रस्त्यातच उभे असतात. पुढे धोका आहे एवढं सांगायला लोक डांबरावर झाडाच्या फांद्या टाकून ठेवतात. त्या दिसल्या की लगेच वेग कमी करा.