लॅक्टेशन कन्सल्टंट व्हायचंय? मग तासांची घाई करू नका

"ताई, लॅक्टेशन कन्सल्टंटचा, म्हणजे आयांना स्तनपानात मदत करण्याचा, कोर्स झाला, आता पुढे काय?" असं विचारणारे मेसेज सारखे येतात, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी परीक्षेचं. आयबीसीएलसी हे लॅक्टेशन कन्सल्टंटचं सर्टिफिकेट जगभर चालतं, ते देणारं बोर्ड १९८५ पासून आहे. स्तनपानावरचं ९५ तासांचं शिक्षण लागतं आणि शिवाय आई-बाळांसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तास, म्हणजे नर्स-डॉक्टर मंडळी बहुतेक ज्या मार्गाने येतात त्यात १००० आणि मेंटरच्या देखरेखीखाली केले तर ५००. नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं, त्यामुळे वाचन सुटत नाही हे एक बरंय.

पण मला खरं सांगायचंय ते या तासांबद्दल. बऱ्याच जणी ते कसेतरी भरून काढायच्या मागे असतात, आणि माझ्या मते सगळं शिक्षण तिथेच आहे. एक अख्खं फीड, बाळ तोंड उघडतं तिथपासून ते स्वतःहून सोडेपर्यंत, मध्ये न बोलता बघायचं. हात लावायचा नाही, "असं धर, तसं धर" नाही. हनुवटी टेकलीये का, गाल आत ओढले जातायत का, दोन-तीनदा चोखल्यावर गिळतंय का, आणि सोडल्यावर निपल गोल आहे की चेपून तिरकं, पांढरट झालंय. या शेवटच्या एका गोष्टीवरून लॅचबद्दल, म्हणजे बाळाने स्तन तोंडात कसं धरलंय याबद्दल, जेवढं कळतं तेवढं आईला दहा प्रश्न विचारून कळत नाही.

दुसरं म्हणजे घर. आपल्याकडे बाळंतीण एकटी कधीच नसते, आई असते, सासू असते, मालिशवाली मावशी असते, आणि चौथ्या दिवशी "हिला दूधच उतरलं नाही, वरचं सुरू करा" असं कुणीतरी म्हणतंच. अशा एका घरी मी असं म्हणणाऱ्या आजींनाच जवळ बसवलं. म्हटलं, "काकू, टीव्ही बंद करूया आणि जरा बाळाच्या गळ्याकडे कान द्या." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "अगं, गिळतंय की!" मग चिकाचं दूध थोडंच असतं पण तेवढंच लागतं, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण १०-१४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि किती लंगोट ओले झाले याची वही त्यांनीच ठेवली. आजीला बाजूला सारून सल्ला देणारीचा सल्ला तिची पाठ फिरली की संपतो, हे मी अनेक घरांत बघितलंय.

डब्याच्या दुधाच्या कंपन्यांकडून काहीही घेऊ नका. कॉन्फरन्सचं तिकीट नाही, पेन नाही, कॅलेंडर नाही. आपल्याकडे यासाठी १९९२ चा आयएमएस कायदा, म्हणजे डब्याच्या दुधाच्या जाहिराती-प्रचाराला आळा घालणारा कायदा, आहे, २००३ मध्ये तो अजून कडक केलाय, आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, कारण उद्या एखाद्या बाळाला खरंच वरचं दूध लागलं आणि तुम्ही तसं सांगितलं, तर त्या आईला तुमच्यावर शंका यायला नको.

आणि जमलं तर एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम शिका. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवणारी बँक, सुरू केली, म्हणजे हे काम आपल्या दाराशीच वाढलंय. कमी दिवसांच्या बाळाची आई दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढते, टाके दुखत असतात, बाळ काचेत असतं. तिथे हाताने दूध काढायला नीट शिकवता आलं पाहिजे, पंप प्रत्येकीला परवडत नाही. आणि वाटीने किंवा बोंडल्याने पाजायचं तर बाळाला टेकवून बसतं धरायचं, दूध ओठांशी न्यायचं, ओतायचं नाही, ते बाळाने स्वतःच्या वेगाने घ्यायचं. हे वाचून येत नाही, तिथल्या सिस्टरांच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं, आणि त्या फार मनापासून शिकवतात.