2:11 ला कुकरची शिट्टी

तक्रार निकाली निघाली, अडकलेले पैसे सुटले, गाणं परत आमच्या नावावर आलं. तरी त्या दिवशीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फॉर्मवरच्या चौकोनात मी केलेली बरोबरची खूण.

आम्ही दोघं लातूरचे. इलेक्ट्रॉनिक संगीत करतो म्हटलं की समोरचा विचारतो, ‘म्हणजे डीजे का?’ हो म्हणून टाकतो, कारण चूल त्याच्यावरच पेटते. हळद, जयंती, गणपती, बैलपोळा, जे असेल त्याचं ‘स्पेशल’ रिमिक्स करून द्यायचं. पाचशे रुपये. मध्येमध्ये गाडीवाल्याच्या, म्हणजे मिरवणुकीत डीजेची गाडी लावणाऱ्याच्या, नावाचा टॅग ओरडून पाहिजे असेल तर शंभर जादा. गाडीवाल्यांना गाणं नको असतं, बेस पाहिजे असतो. एकाने तर सांगितलं होतं, ‘समोरच्याच्या छातीत लागलं पायजे, बाकी काय बी घाल.’ बाकी काय बी घालण्यात आमची सात वर्षं गेली, आणि त्यातून चोरलेल्या रात्रींमध्ये स्वतःच्या नावाची नऊ गाणी झाली.

आमचा स्टुडिओ म्हणजे जोडीदाराच्या मामाच्या पिठाच्या गिरणीवरची खोली. भिंतींना वाकळा ठोकल्यात, खिडकीत पोत्यांचा थर. खाली मोटर चालू असली की सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झची घरघर येते. आमच्या बेसच्या खालच्या ‘जी’ची कंपनसंख्या 49. म्हणजे गिरणी आणि आम्ही जवळपास एकाच सुरात. सुरुवातीला मी ‘जी’मध्ये बांधलेली गाणी खोलीत जबरदस्त वाजायची आणि गाडीवर गेली की बसायची, कारण अर्धा बेस मामाचा होता! मग शहाणपण आलं. गाव लाईट गेली म्हणून शिव्या घालतं, तेव्हा आम्ही लॅपटॉप बॅटरीवर घेऊन माईक उघडतो.

जोडीदार बोलका, हिशेबी, भांडायला तयार. मी कानाचा. त्याच्या फोनवर डाफ्ट पंक ह्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचा हेल्मेटातला फोटो असतो. ते 1993 ला पॅरिसमध्ये सुरू झाले आणि 2021 ला थांबले. ‘अठ्ठावीस वर्षं भांडणं कशी मिटवली असतील गड्या,’ असं तो दर महिन्याला हिशेबाच्या दिवशी म्हणतो.

तर ते गाणं. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात एक मावशी आहेत, आराधी मेळ्यात, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्यांच्या जथ्यात, चौंडकं वाजवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्यातून ओवलेली तार, तारेच्या टोकाला मूठ. नळकांडं काखेत दाबायचं, एका हाताने मूठ ओढून तार ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताणली की सूर चढतो, ढिली सोडली की घसरत खाली येतो. डुंव. मी ते पहिल्यांदा जवळून ऐकलं आणि जोडीदाराच्या मांडीला चिमटा काढला. आम्ही संगणकात ज्या घसरणाऱ्या बेससाठी रात्र-रात्र रेषा ओढत बसतो, तो मावशींच्या काखेतून फुकट निघत होता.

ह्या घसरण्याचंही एक घराणं आहे. रोलंड कंपनीच्या टीबी-303 नावाच्या बेसच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी त्या यंत्रावर राग बसवून तबकडी काढली. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे शिकागोकडच्या पोरांनी त्याच यंत्रावर आवाज काढला, त्याचा जगभर बोलबाला झाला, आणि मुंबईची ती तबकडी 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा लोकांचे डोळे उघडले. पहिला हात कुणाचा, हे लोकांना नेहमी उशिरा कळतं. हे मी चहाच्या टपरीवर कितीतरी जणांना ऐकवलंय. आपल्या अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

मावशींच्या पडवीत आम्ही 14 मिनिटं रेकॉर्ड केलं. आत त्यांच्या सुनेने कुकर लावला होता. मी म्हटलं, तो कुकर जरा... सून म्हणाली, ‘पोरं शाळेतून येतील.’ विषय संपला. तीन शिट्ट्या झाल्या. दोन काढता आल्या, तिसरी नेमकी त्यांच्या सगळ्यात देखण्या घसरणीवर बसली होती. ती काढायला गेलो की चौंडक्याची धारच जायची. म्हणून तशीच राहू दिली, वरून झांज दाबून टाकली.

खरा घोळ लयीचा होता. आमचं गाणं मिनिटाला 128 ठोक्यांचं. मावशी रंगात आल्या की पुढे धावतात, ओळ संपताना मागे रेलतात. एफएल स्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एकेक ठोका कापून चौकटीवर नेमका बसवला. बसवला आणि मेला. सगळं बरोबर आणि काहीच नाही! दोन रात्री गेल्या. शेवटी सगळे काप मोडले आणि मूळ आवाजच लांबवत-आखडत नेला. ठोका साधारण 20 मिलिसेकंद उशिरा पडू दिला. एवढ्याशा उशिराने बाई पुन्हा जिवंत झाल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ऐकणाऱ्याला कळू नये हीच त्याची खूबी.

आता तो दिवस. नवरात्राची सहावी माळ. सकाळी सातला जोडीदाराचा फोन. ‘आपल्या गाण्यावर आपल्यालाच नोटीस आलीय.’

झालं होतं असं. कुण्या डीजेने आमचं गाणं उचललं, वेग 130 केला, दर अर्ध्या मिनिटाला स्वतःच्या नावाचा टॅग ओरडून घातला आणि ते आपलंच म्हणून रीतसर नोंदणी करून टाकली. आम्ही केली नव्हती, कारण वर्षाची फी भरायची जोडीदार पुढे ढकलत होता. व्हिडिओच्या साइटवरचं यंत्र दोन्ही आवाज ताडून बघतं आणि नोंद ज्याची, मालक तो असं धरून चालतं. मूळ गाणं अकरा महिने आधी टाकलंय, हे त्याच्या पुढ्यात असून त्याला दिसत नाही. तक्रार करणारा माणूस नव्हता, निकाल देणारा माणूस नव्हता, मधल्या मध्ये आमच्या गाण्याची मिळकत तेवढी तिकडे वळली होती.

नियम असा की पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवतात. मग समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस. संध्याकाळी आम्हाला औशाकडे एका मंडळाचं काम होतं, गाडीवाल्याचे तोवर चार फोन येऊन गेले होते. मी म्हटलं, आधी कच्चं रेकॉर्डिंग शोधू. जोडीदाराने हार्डडिस्क पुतण्याला गेम टाकायला दिली होती. ह्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी रेकॉर्डरच्या जुन्या कार्डात, ‘न्यू फोल्डर 3’मध्ये, 242 एमबीची फाईल सापडली.

आणि मग शिट्टी आठवली. आमच्या गाण्यात 2 मिनिटं 11 सेकंदांवर झांजेच्या खाली ती ऐकू येते, माहीत असेल तर. त्या डीजेचं गाणं 130 च्या वेगाने, म्हणजे तिथे ती 2:09 ला यायला पाहिजे. हेडफोन लावला. आली! पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या पाव हिश्श्याइतकी वर चढलेली, पण तीच. जोडीदार खोलीत नाचला. ‘सुनबाईला साडी घ्यायची आपण.’

पुरावा पक्का करायला कच्ची फाईल सुरुवातीपासून ऐकायला घेतली. अकरा महिन्यांत मी ती सलग ऐकली नव्हती, ऐकले होते फक्त कापलेले तुकडे. नवव्या मिनिटाला मावशी थांबतात, खोकतात आणि म्हणतात, ‘आता ही माझ्या आत्याची चाल हाय बरं का. तिच्याबिगर कुणाला येत नव्हती.’ आमच्या गाण्यात जी घसरण आहे ती ह्या वाक्याच्या लगेच पुढची. वाक्य मीच कापलं होतं.

समोर स्क्रीनवर हरकतीचा फॉर्म उघडा होता. ‘हे पूर्णपणे माझं आहे, सर्व हक्क माझ्याकडे आहेत.’ शेजारी चौकोन. मी बघत बसलो. जोडीदार म्हणाला, ‘कामून थांबलास? कर की.’

त्याचं म्हणणं कायद्याचं होतं, आणि तो वाचून आलेला असतो. 1957 च्या कायद्यात रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन केलं, त्याचं. साठ वर्षं. चाल परंपरेची, तिच्यावर कुणाचाच सातबारा नाही. मी म्हटलं, त्याच कायद्यात वाजवणाऱ्याचाही हक्क आहे, पन्नास वर्षांचा, आणि 2012 च्या दुरुस्तीपासून नाव लागण्याचाही. तो म्हणाला, ‘हाय. पण फॉर्मात त्याला चौकोन नाही, अन् गाडी चार वाजता निघूलालीय.’

मी खूण केली.

औशाच्या वाटेवर, टेम्पोत बेसच्या पेट्यांना टेकून, मावशींच्या भाच्याला फोन लावला. मावशी आल्या. मी सगळं सांगितलं. आता तुमचं नाव घालतो म्हणालो, आत्याचंही घालतो.

‘नाव घाल की. त्याचं आलं किती?’

मी जोडीदाराकडे बघितलं. त्याने बोटांनी दाखवलं, खरं सांग. अकरा महिन्यांचे 6,140 रुपये.

‘बास? मला वाटलं लाखभर. आमच्या मेळ्यात कसं हाय, जितके वाजविणारे तितके वाटे, अन् एक वाटा देवीचा. तुमी दोघं, मी, अन् देवी. चार करा.’

फोन स्पीकरवर होता. जोडीदार म्हणाला, ‘मावशी, देवीचा मग गिरणीचा बी करावा लागंल. बिल मामा भरूलालाय.’

‘तुझ्या गिरणीनं चौंडकं वाजवलं का?’

ड्रायव्हर इतका हसला की टेम्पो खड्ड्यातून गेला. देवीचा वाटा कुणाला द्यायचा हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, मेळ्यात तो तारेला, कातड्याला लागतो, जपून ठेवायचा. सुनेच्या साडीचं जोडीदाराने काढलं नाही, मीही काढलं नाही.

रात्री दहाला पोलिसांनी आवाज बंद केला, परतीला आम्ही फारसं बोललो नाही. चौथ्या वाट्यावर त्याचं माझं पुढे आठवडाभर वाजलं. त्याच्या मते मावशींना एकरकमी काहीतरी द्यावं आणि मिटवावं. वाटे सुरू केले की पुढच्या प्रत्येक गाण्यात हलगीवाला, संबळवाला, सगळ्यांचे करावे लागतील, आणि पाचशेच्या रिमिक्सवर जगणाऱ्यांनी हे थेर करू नयेत. त्यात तथ्य आहे. तीस दिवस उलटले आणि दावा सुटला, समोरच्याने उत्तरच दिलं नव्हतं. मी मावशींना 1,535 पाठवले. गाण्याखाली त्यांचं आणि आत्याचं नाव आलं. फॉर्मवरची खूण मात्र तशीच आहे, ती मागे घ्यायची सोय नाही.

गेल्या महिन्यात 212 रुपये आले. जोडीदाराने मला न विचारता मावशींना 53 पाठवले आणि हिशेबाच्या वहीत चौथा रकाना आखून त्यातही 53 लिहिले. रकान्याच्या डोक्यावर त्याने लिहिलंय, ‘गिरणी’.