शेव्हर्ले पिकअप: फाळक्याच्या साखळ्या गेल्या, दाराची फट जुळली

परवा शेजारच्या गाळ्यातले काका डोकावले. "काय मग, कामाला हात कधी घालताय?" तीन महिने गेले हो त्या फाळक्यात, म्हणजे पिकअपच्या हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या झडपेत! पण खरं सांगू, केलेलं काम दिसतच नाही, म्हणजे इतकी छान दाद अजून कुणी दिली नव्हती.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी 1951 ची शेव्हर्ले 3100 पिकअप, अर्ध्या टनाची, पुढची काच दोन तुकड्यांची, 216 घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत चालला, त्या काळातली गाडी. माझा गाळाही शिवडीतच, त्यामुळे खाडीचा खारा वारा पत्र्याला फुकट.

छत कापून बुटकं करा, असा सल्ला दर महिन्याला कुणीतरी देतोच. नको. 2021 च्या विंटेज नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत फेरफार चालत नाही. मला 'व्हीए'ची, म्हणजे विंटेज गाडीची नंबरपाटी हवीय. म्हणून हौस भागवायची ती नटबोल्टवर सुटणाऱ्या भागांवरच. मूळ फाळका चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. प्रयोग चाललेत ते कुर्ल्याच्या भंगारात सापडलेल्या दुसऱ्या, पोचे पडलेल्या फाळक्यावर.

मूळ रचनेत फाळका दोन्ही बाजूंना साखळ्यांनी तोलला जातो. रस्ता खराब असला की त्या खळखळतात आणि रंग खरवडतात. मी फाळक्याला आतून 18 गेजचा पत्रा लावून पोकळी केली आणि जुन्या पद्मिनीच्या दाराचे दोन लॅच तिच्यात बसवले. दोघांना एकच केबल, ओढायची कडी खालच्या काठाआड. लॅच ज्या खिळीत अडकतात त्या खिळ्या हौद्याच्या खांबावर साखळ्यांच्याच जुन्या भोकांत बसल्या. हौद्याला नवीन भोक एकही नाही, याचं मला जास्त अप्रूप.

आता माती कुठे खाल्ली ते. डेंटर मामा शिमग्याला गावी गेलेले, मला दम निघेना. आतला पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात वेल्ड केला. निवल्यावर बघतो तर मधोमध फुगवटा. अंगठ्याने दाबला की टक्‌ करून आत, सोडला की टक्‌ करून बाहेर. मामा परत आले, हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, पापड भाजलात की काय?" मग फुगवट्यावर नाण्याएवढा ठिपका लाल होईस्तो तापवायचा, मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून कडेकडेने हलके ठोके द्यायचे, लगेच ओलं फडकं. असे अकरा ठिपके लागले, तेव्हा पत्रा गप्प झाला. आता वेल्डचे टाके लांब लांब, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मध्ये चहा.

डाव्या दाराची फट वर 4 मिलिमीटर, खाली 7. बिजागऱ्या सरकवून पाहिल्या. खाली जुळली की वर घासायची. शेवटी दाराच्या काठावर वेल्डिंगची बारीक तार इंच-इंच टाकून काठ वाढवला, वर शिसं-कथिलाचा थर दिला. पुट्टी काठावर टिकत नाही, दार दोनदा आपटलं की टवका उडतो. 70 टक्के शिसं, 30 टक्के कथिल असलं की मिश्रण बराच वेळ लोण्यासारखं मऊ राहतं, लाकडी पट्टीने चोपता येतं. घासायचं मात्र कानशीनेच. पॉलिश पेपर लावलात तर शिशाची धूळ नाकात. आणि शिसं-कथिलाचा डाग देताना लावलेलं अॅसिड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंगाला फोड येतात. प्लायची 4 मिलिमीटरची पट्टी आता वरून खाली न अडकता सरकते. मी दिवसातून दोनदा सरकवतो, उगाच.

बोनेटवरचं नाव आणि फाळक्यावरची उठावाची अक्षरं तशीच राहणार.

पावसाआधी सगळ्यावर इपॉक्सी प्रायमर चढवायचा आहे. साधा प्रायमर या हवेत पाणी पितो, आणि जुलैत खालून गंज डोकावतो. त्यानंतर उजवं दार. त्याची फट अजून मोजलेली नाही, मुद्दामच.